हॅनोव्हर मेसेमधील मार्गदर्शन व्यवस्था : लघुउद्योजकाच्या नजरेतून एक परीक्षण

जर्मनीतील हॅनोव्हर मेसे या औद्योगिक प्रदर्शनाविषयी मराठीत जे लिहिले जाते, ते बहुतेक तिथे मांडलेल्या यंत्रमानवांविषयी, ऊर्जेच्या नव्या तंत्रांविषयी किंवा उद्घाटनाला कोण आले होते याविषयी असते. तिथे स्टॉल घेणाऱ्या किंवा पाहायला जाणाऱ्या माणसापुढचा पहिल्या दिवशीचा प्रश्न मात्र फार साधा असतो. आपल्याला हवा तो माणूस या पसाऱ्यात नेमका कुठे भेटेल आणि तिथवर पोचायला किती वेळ लागेल, एवढेच त्याला कळायला हवे असते. भोसरी, सातपूर, वाळूज, शिरोली अशा औद्योगिक वसाहतींतील लघुउद्योजक कर्ज काढून किंवा अनुदानाच्या भरवशावर तिथे जातात आणि त्यांच्या हाती जेमतेम पाच दिवस असतात. म्हणून या लेखात मी प्रदर्शनातल्या मालाचे नव्हे, तर तिथे माणसांना वाट दाखवणाऱ्या व्यवस्थेचे परीक्षण करणार आहे, कारण खर्च वसूल होणार की नाही हे बऱ्याच अंशी तिच्यावर ठरते.

आधी पसारा किती आहे ते सांगितले पाहिजे. हॅनोव्हर शहराच्या दक्षिणेला, लात्सेन या गावाला लागून असलेले हे प्रदर्शन मैदान सुमारे १०० हेक्टरांचे आहे आणि त्यावरील सगळे हॉल मिळून छताखालची जागा ३ लाख ९० हजार चौरस मीटरांच्या आसपास जाते. कित्येक दशके हे जगातील सर्वांत मोठे प्रदर्शन मैदान मानले गेले. मेसेच्या वेळी यातले सगळेच हॉल वापरात नसतात. तरीही २०२५ च्या प्रदर्शनात सुमारे ४००० प्रदर्शक होते आणि सव्वा लाखाहून अधिक अभ्यागत आले, असे संयोजकांचे आकडे सांगतात. संयोजन डॉइचे मेसे ही कंपनी करते आणि तिची मालकी मुख्यतः नीडरझाक्सन राज्य व हॅनोव्हर शहर यांच्याकडे आहे. याचा एक परिणाम अभ्यागताला थेट जाणवतो. शहराची ट्राम, रेल्वे आणि मैदान यांचे वेळापत्रक एकमेकांशी बोलून ठरवल्यासारखे चालते.

मैदान एका आराखड्यानुसार एकदम उभे राहिलेले नाही, हेही लक्षात ठेवायला हवे. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिश लष्करी प्रशासनाच्या पुढाकाराने १९४७ च्या ऑगस्टमध्ये, हलक्या धातूंच्या एका जुन्या कारखान्याच्या इमारतींत पहिले निर्यात प्रदर्शन भरले. अन्नधान्याचे रेशनिंग चालू असताना तिथे कूपनाशिवाय माशाचे पाव मिळत, म्हणून लोकांनी त्याला त्याच पावाचे टोपणनावही देऊन टाकले होते. पुढे गरजेप्रमाणे हॉल वाढत गेले, काही पाडले गेले, काही जोडले गेले, आणि २००० साली जागतिक एक्स्पो याच परिसरात भरल्यामुळे पुन्हा बरेच बदल झाले. म्हणूनच नकाशावर १४/१५ किंवा १९/२० असे जोडक्रमांक दिसतात, काही क्रमांक गायब असतात आणि हॉलच्या क्रमांकावरून अंतराचा अंदाज बांधता येत नाही. आपल्याकडचा माणूस सवयीने एकापासून सुरुवात करून क्रमाने पुढे जायचे ठरवतो आणि तिथेच फसतो. पहिल्या दिवशी नकाशा समोर ठेवून हॉलचे शेजार पाठ करणे हे कंटाळवाणे काम आहे, पण त्याला पर्याय नाही.

या विस्कळीत मैदानावर व्यवस्थेने जो उपाय योजला आहे, तो मला सर्वांत जास्त आवडला. प्रत्येक स्टॉलला हॉल क्रमांक, रांगेचे अक्षर आणि रांगेतला क्रमांक मिळून एक पत्ता असतो, उदाहरणार्थ हॉल ५, सी १८. संकेतस्थळावरील प्रदर्शकांच्या यादीत, मोबाइल ॲपमध्ये, छापील नकाशात, हॉलच्या छतावरून लोंबणाऱ्या पाट्यांवर आणि स्टॉलच्या कोपऱ्यावर सगळीकडे हाच पत्ता त्याच पद्धतीने लिहिलेला असतो. हे ऐकायला अगदी किरकोळ वाटते. आपल्याकडच्या अनेक प्रदर्शनांत मात्र यादीतला क्रमांक एक, नकाशातला दुसरा आणि प्रत्यक्ष स्टॉलवर क्रमांकच नाही, अशी अवस्था असते, आणि मग ‘चहावाल्याच्या समोरून डावीकडे’ हीच खरी मार्गदर्शन व्यवस्था ठरते. ज्याने ती सहन केली आहे त्याला या सातत्याची किंमत कळेल. ग्राहकाला भेटीसाठी बोलावताना एवढा पत्ता कळवला की पुरते. तो पुन्हा फोन करून रस्ता विचारत नाही.

मोबाइल ॲप आणि संकेतस्थळावरील शोध हा या व्यवस्थेचा दुसरा खांब आहे. प्रदर्शकाचे नाव, देश, हॉल किंवा उत्पादनाचा प्रकार यांपैकी कशानेही शोध घेता येतो, आवडलेले प्रदर्शक खूण करून ठेवता येतात आणि हॉलच्या नकाशावर त्यांची जागा पाहता येते. हे सगळे व्यवस्थित चालते, परंतु या शोधाची खरी गुणवत्ता संयोजकांच्या हाती नसून प्रदर्शकांनी स्वतः भरलेल्या माहितीत आहे, आणि इथे आपले लघुउद्योजक फार मागे पडतात. ‘सर्व प्रकारचे प्रिसिजन पार्ट्स’ एवढेच लिहून मोकळे झालेले भारतीय प्रदर्शक त्या यादीत पुष्कळ सापडतात. जर्मन खरेदीदार मात्र शोधताना पितळेचे टर्न केलेले भाग, ठरावीक व्यास, ठरावीक प्रमाणपत्र असे शोधतो. उत्पादनांच्या अधिकृत वर्गवारीतले नेमके उपप्रकार निवडणे, वर्णनात धातू, मापांची मर्यादा, वर्षाची क्षमता आणि गुणवत्तेची प्रमाणपत्रे देणे, आणि शक्य असल्यास जर्मन भाषेतही दोन ओळी टाकणे, एवढे केले तर लोक वाट चुकून नव्हे, शोधून स्टॉलवर येतात. हे काम प्रदर्शनाच्या काही महिने आधी, घरी बसून, एका रविवारी होण्यासारखे आहे. तरीही ते बहुतेक वेळा कारखान्यातल्या सर्वांत नव्या मुलाकडे शेवटच्या तारखेला सोपवले जाते.

ॲपबाबत एक मर्यादाही नोंदवली पाहिजे. खूण करून ठेवलेल्या साठ-सत्तर नावांची यादी हाताशी असली, तरी कोणाला आधी भेटायचे हे कोणतेही ॲप ठरवून देत नाही. महामारीमुळे २०२० चे प्रदर्शन रद्द झाले आणि २०२१ चे संपूर्णपणे ऑनलाइन भरले. याद्या, व्हिडिओ आणि गप्पांच्या खिडक्या सगळे काही होते, पण स्टॉलवर हातात भाग घेऊन, नखाने कड चाचपून, ‘हे बर (कापलेल्या कडेला राहणारी धातूची खर) कसे काढता?’ असे विचारणारा माणूस त्यात नव्हता. त्यामुळे ॲपला मदतनीस समजावे आणि दिवसाचा आराखडा स्वतः कागदावर करावा, असे माझे मत आहे. एका दिवसात शेजारचे दोन किंवा फार तर तीन हॉल घ्यावेत. सकाळी या टोकाला आणि दुपारी त्या टोकाला अशा भेटी ठरवल्या तर दिवसाचा मोठा भाग चालण्यातच जातो. पहिल्या दिवशी, म्हणजे सोमवारी सकाळी, जर्मनीचे चॅन्सेलर आणि त्या वर्षीच्या भागीदार देशाचे पाहुणे मोठ्या स्टॉलची फेरी करतात. त्या हॉलमध्ये सुरक्षारक्षक, पत्रकार आणि कॅमेरे यांची दाटी असते, म्हणून महत्त्वाची भेट त्या वेळी त्या बाजूला ठेवू नये. २०१५ मध्ये भारत भागीदार देश असताना पंतप्रधान नरेंद्र मोदी आणि चॅन्सेलर अँगेला मेर्केल यांनी मिळून उद्घाटन केले, तेव्हा ‘मेक इन इंडिया’चा सिंह सगळीकडे झळकत होता. त्या वर्षी भारतीय पॅव्हिलियनला जे लक्ष मिळाले ते एरवी मिळत नाही, हेही खरे.

मैदानापर्यंत पोचण्याची व्यवस्था मी कोणताही आडपडदा न ठेवता उत्कृष्ट म्हणेन. हॅनोव्हरच्या मुख्य रेल्वे स्थानकावरून ८ क्रमांकाची ट्राम, आणि प्रदर्शनाच्या दिवसांत तिच्या जोडीला १८ क्रमांकाची, उत्तरेकडच्या मेसे/नॉर्ड या थांब्यावर आणते. क्रोप्के या मध्यवर्ती चौकातून ६ क्रमांकाची ट्राम पूर्वेकडच्या मेसे/ओस्टला जाते. पश्चिमेला हॅनोव्हर मेसे/लात्सेन हे वेगळे रेल्वे स्थानक आहे. तिथे एस-४ ही उपनगरी गाडी येते आणि मोठ्या प्रदर्शनांच्या काळात लांब पल्ल्याच्या आयसीई गाड्याही थांबतात. या स्थानकावरून सरकत्या पट्ट्यांचा एक उंच, बंदिस्त पादचारी पूल थेट हॉल १३ च्या बाजूच्या प्रवेशद्वाराशी नेतो, त्यामुळे पावसात भिजत चालावे लागत नाही, आणि एप्रिलमध्ये तिथे पाऊस, ऊन व गारठा एकाच दिवशी भेटू शकतात. इथे एकच शहाणपण लागते. आपला पहिला हॉल कोणता हे पाहून प्रवेशद्वार निवडायचे आणि प्रवेशद्वार पाहून ट्राम. सगळा गट एकत्र जातो म्हणून आपणही उत्तरेच्या दाराने आत शिरायचे आणि मग अख्खे मैदान ओलांडून दक्षिणेकडच्या हॉलला जायचे, असे करणारे लोक दररोज दिसतात.

आत गेल्यावर उंच खुणा फार उपयोगी पडतात. १९५८ मध्ये उभारलेला हेर्मेस मनोरा बऱ्याच ठिकाणांहून दिसतो. मैदानाच्या मध्यावरील एक्स्पोचे लाकडी छत म्हणजे वीस मीटरहून उंच अशा दहा प्रचंड लाकडी छत्र्या आहेत, आणि एकदा पाहिल्यावर ते विसरणे शक्य नाही. ‘छत्र्यांखाली साडेबाराला भेटू’ असे सांगितले की गटातला कोणीही हरवत नाही. हॉलच्या दारांवरील आकडे लांबून वाचता येतील एवढे मोठे आहेत, चौकाचौकात दिशादर्शक खांब आहेत आणि मैदानावर फिरणाऱ्या शटल बस आहेत. बसबाबत माझे मत जरा हात राखून आहे. लांबच्या दोन टोकांसाठी ती उत्तम, पण मधल्या अंतरासाठी थांबा शोधून वाट पाहण्यापेक्षा चालत जाणे लवकर होते. त्यासाठी पायात जुने, सवयीचे बूट हवेत. सुटाबरोबर शोभतील म्हणून घेतलेले कोरे बूट दुसऱ्या दिवशी दुपारी माणसाला खुर्चीवर बसवून ठेवतात.

माहिती कक्षांवरील माणसे इंग्रजीत नीट बोलतात आणि थोडक्यात, पण पुरे सांगतात. आपल्याला वाटते तेवढा गोडवा त्यांच्या बोलण्यात नसतो, याचा राग मानू नये. तुम्ही हॉल आणि स्टॉल क्रमांक विचारला की ते नकाशावर पेनने रेघ ओढून देतात. ‘आम्हाला पंपवाल्यांना भेटायचे आहे’ असे मोघम विचारले की ते तुम्हाला सौजन्याने शोधयंत्रापाशी नेऊन उभे करतात. विषयवार मार्गदर्शित फेऱ्या ही सोय मात्र आपल्या लोकांकडून फार कमी वापरली जाते आणि माझ्या मते नवख्या अभ्यागतासाठी तीच सर्वांत मोलाची आहे. ऊर्जा, स्वयंचलन अशा एखाद्या विषयाभोवती निवडलेल्या काही स्टॉलवर वाटाड्या गटाला नेतो आणि प्रत्येक ठिकाणी कंपनीचा जाणकार माणूस थोडक्यात माहिती देतो. एरवी मोठ्या कंपनीच्या स्टॉलवर दर्शनी बाजूला उभ्या असलेल्या स्वागतिकेच्या पलीकडे पोचायलाच लघुउद्योजकाला धीर होत नाही. या फेरीत त्या कंपनीचा अभियंता स्वतः पुढे येऊन बोलतो आणि व्हिजिटिंग कार्ड देण्याची सहज संधी मिळते.

प्रदर्शकांच्या बाजूने पाहिले, तर मार्गदर्शन पूर्ण आहे, पण ते वाचणाऱ्यासाठीच आहे. वीज, पाणी, इंटरनेट, फर्निचर, प्रवेशपत्रे, ग्राहकांना पाठवायची निमंत्रण तिकिटे हे सगळे ऑनलाइन पोर्टलवरून ठरलेल्या तारखांच्या आत मागवायचे असते आणि तारीख उलटली की दर वाढतो किंवा सोयच मिळत नाही. ‘तिथे गेल्यावर बघू’ हे वाक्य हॅनोव्हरमध्ये फार महाग पडते. छोट्या गोष्टींचाही विचार आधी करावा लागतो. विजेचा दाब आपल्यासारखाच २३० व्होल्ट असला, तरी आपली तीन पिनांची प्लग तिथल्या सॉकेटात बसत नाही. रात्री यंत्राला वीज चालू हवी असेल तर ती सहसा वेगळी सांगावी लागते. आणि आदल्या रविवारी स्टॉल लावताना एखादी कात्री, चिकटपट्टी किंवा ॲडाप्टर राहिल्याचे लक्षात आले, तर जर्मनीत रविवारी दुकाने बंद असतात. मुख्य रेल्वे स्थानकातील काही दुकाने तेवढी उघडी मिळतात.

मालाच्या वाहतुकीबाबतही तसेच. परत आणायचे नमुने किंवा यंत्र एटीए कार्नेवर, म्हणजे माल तात्पुरता परदेशी नेऊन परत आणण्याच्या सीमाशुल्क दस्तऐवजावर, नेता येते आणि भारतात हा कार्ने फिक्की ही उद्योगांची संघटना देते. मात्र वाटून टाकायची सँपल, माहितीपत्रके आणि भेटवस्तू त्यात बसत नाहीत, त्यांची कागदपत्रे वेगळी करावी लागतात. मैदानावर माल उतरवणे, फोर्कलिफ्ट लावणे आणि रिकाम्या पेट्या सांभाळणे ही कामे नेमलेले फॉरवर्डरच, म्हणजे मालवाहतुकीचे कंत्राटदारच, करतात. त्यांचे दर पाहून आपल्या माणसाचे डोळे पांढरे होतात हे खरे असले, तरी पेटीवर हॉल आणि स्टॉलचा तोच पत्ता चिकटवला की ती बरोबर त्याच जागी येते.

आपले बहुतेक लघुउद्योजक स्वतंत्र स्टॉल न घेता अभियांत्रिकी निर्यात प्रोत्साहन परिषदेने, म्हणजे ईईपीसीने, उभारलेल्या भारतीय पॅव्हिलियनमधून सहभागी होतात, आणि पहिल्या वेळी तेच शहाणपणाचे आहे. जागा, बांधणी आणि बरीचशी कागदपत्रे एकत्र होतात, खर्च आटोक्यात राहतो, आणि सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाच्या आंतरराष्ट्रीय सहकार्य योजनेतून काही खर्चाची भरपाई मिळण्याची वाटही असते. अशा कोणत्याही देशाच्या सामूहिक दालनाची एक अडचण मात्र उघड आहे. एकसारख्या पांढऱ्या भिंती, एकसारख्या पट्ट्यांवर एकसारख्या अक्षरांत लिहिलेली नावे, आणि त्यांतल्या अर्ध्या नावांत ‘इंजिनिअरिंग वर्क्स’ किंवा ‘इंडस्ट्रीज’. वाटेने जाणाऱ्याला आत काय बनते ते कळत नाही. त्यावर संयोजकांकडे उपाय नाही, तो आपल्याकडेच आहे. नावापेक्षा मोठ्या अक्षरांत उत्पादन लिहावे, दर्शनी टेबलावर देवाची तसबीर आणि माहितीपत्रकांचा ढीग यांऐवजी चार निवडक भाग ठेवावेत, आणि मुख्य म्हणजे स्टॉलवरच्या माणसाने मोबाइलमध्ये डोके घालून बसू नये. पाट्या आणि ॲप ग्राहकाला तुमच्या स्टॉलच्या कडेपर्यंत आणून सोडतात. शेवटची दोन पावले त्याने टाकावीत असे वाटायला समोर उभा राहिलेला माणूस लागतो.

निवासाची व्यवस्था ही या सगळ्यातली सर्वांत दुखरी बाजू. प्रदर्शनाच्या आठवड्यात हॉटेलांचे दर अनेक पटींनी वाढतात आणि लवकर आरक्षण न केल्यास शहरात खोलीच मिळत नाही. आमच्या गटाची सोय ज्या प्रवासी संस्थेने केली होती, तिने ‘हॅनोव्हरजवळ’ म्हणून जे हॉटेल दिले तिथून मैदानावर पोचायला दोन गाड्या बदलाव्या लागत आणि संध्याकाळी ग्राहकांबरोबरचे जेवण अर्धवट सोडून शेवटची गाडी गाठावी लागे. म्हणून किलोमीटर विचारू नयेत, ‘मेसे/लात्सेन स्थानकावर सकाळी साडेआठला पोचायला किती वाजता निघावे लागेल’ असे विचारावे. गॉटिंगनसारखे लांबचे गावही थेट जलद गाडीमुळे सोयीचे पडते आणि जवळचे खेडे गैरसोयीचे. हॅनोव्हरमध्ये प्रदर्शनाच्या काळात स्थानिक कुटुंबांनी घरातली खोली पाहुण्यांना भाड्याने देण्याची जुनी रीत आहे. अशा घरमालकिणींना तिथे प्रेमाने ‘मेसेमुट्टी’, म्हणजे प्रदर्शनाची आई, म्हणतात. शाकाहारी माणसाला तर हा पर्याय हॉटेलपेक्षा बरा, कारण परवानगी विचारली की स्वयंपाकघरात खिचडी टाकता येते. मैदानावर खाण्याची ठिकाणे पुष्कळ आहेत, पण ती महाग आहेत आणि दुपारी एक वाजता तिथे रांग लागते. साडेअकराला किंवा अडीचला जेवावे.

कोणी कोणत्या अपेक्षेने जावे, याविषयीही थोडे. ज्याच्याकडे निश्चित उत्पादन आहे, इंग्रजीत दर सांगू शकणारा माणूस आहे आणि जो तीन महिने आधीपासून भेटी ठरवू शकतो, त्याला ही व्यवस्था भरभरून साथ देते. जो केवळ ‘एकदा बघून येऊ’ म्हणून निघतो, त्याने स्टॉल न घेता आधी अभ्यागत म्हणून जावे. ओळखीच्या प्रदर्शकाकडे निमंत्रण तिकिटाचा कोड मागितला तर तो बहुधा मिळतो आणि प्रवेशाचा खर्च वाचतो. अशा अभ्यागताने मंगळवार ते गुरुवार हे दिवस धरावेत. शुक्रवारी दुपारनंतर मोठ्या कंपन्यांची निर्णय घेणारी माणसे निघून गेलेली असतात.

प्रदर्शकाला मात्र शुक्रवारी प्रदर्शन संपेपर्यंत थांबावेच लागते, कारण वेळेआधी स्टॉल आवरणे नियमाविरुद्ध आहे. प्रदर्शन संपल्यावर हजारो स्टॉलच्या रिकाम्या पेट्या एकाच वेळी बाहेर काढल्या जातात आणि आपली पेटी कधी येईल हे फॉरवर्डरच्या कक्षावरूनही नक्की कळत नाही. आठची गाडी आणि रात्रीचे विमान असे आरक्षण करून ठेवलेल्या मंडळींना नमुने शेजाऱ्याच्या हवाली करून निघावे लागते, आणि कार्नेवर आणलेला माल असा मागे ठेवून चालत नाही. परतीचे तिकीट शनिवारचेच काढावे आणि कार्नेवर सीमाशुल्काचा परतीचा शिक्का कोणी, कधी घ्यायचा हे फॉरवर्डरशी गुरुवारीच बोलून ठेवावे.